लातूरचा खड्डा कोरडा नव्हता

वैजनाथ,

तुझ्या तेरवीला तुझ्या लेकीनं, शुभांगीनं, तुझ्या फोटोसमोर तुझी हत्यारं मांडली होती. पंचिंग टूल, टेस्टिंगचा हँडसेट, पकड, आणि लाकडी पेटीतला अर्थ टेस्टर. लोक फुलं टाकून पुढे जात होते. मीही टाकली आणि बाजूला जाऊन बसलो. पंगतीत आपल्या धंद्यातल्या चौघांनी ठरवलं की तुझ्या आठवणींची छोटी पुस्तिका काढायची. मला म्हणाले, "दिगूभाऊ, तीस वर्षं सोबत काम केलं तुमी. चार पानं तुमची." मी हो म्हणालो. त्यांच्यातला एक जण हळूच म्हणाला, "लातूरचं तेवढं लिवू नका. गेलेल्या माणसाची चूक कशाला उकरायची."

म्हणून मी लातूरचंच लिहितो आहे.

तुझं काम मला आणि माझं तुला कधी पुरतं कळलं नाही, त्यामुळेच आपलं जमलं असावं. तू तारेचा माणूस. खांबावरून येणारी फोनची लाइन इमारतीत घ्यायची, टॅगवर, म्हणजे तारा जोडायच्या चौकटीवर, बसवायची, तिथून ऑफिसच्या एक्स्चेंजपर्यंत न्यायची, हे तुझं. एक्स्चेंजपासून कॉम्प्युटरपर्यंतचं माझं. कॉम्प्युटर आले तेव्हा नांदेडच्या बऱ्याच जणांना वाटलं, फोनची वायर कॉम्प्युटरच्या मागं खुपसली की झालं. आपण दोघं त्यांना समजावत फिरायचो. फोनच्या लाइनीवर पन्नासच्या आसपास व्होल्ट कायम उभे असतात, घंटी वाजताना नव्वदच्या घरात जातात, आणि कॉम्प्युटरच्या पोटातलं कार्ड पाचावर चालतं. मी हे आकडे सांगायचो तेव्हा गिऱ्हाईक घड्याळाकडे बघायचं. मग तू बोलायचास.

"सर, लाइन म्हंजे बाजारातून आलेला माणूस. कुठून कुठून फिरून आलेला. पाय धुतल्याबिगर घरात घेऊ नये."

"आणि हा प्रोटेक्टर कशाला?"

"ह्यो तांब्या."

एवढ्यावर गिऱ्हाईक प्रोटेक्टर घ्यायला तयार व्हायचं. वीज किंवा जादा दाब लाइनीतून आला तर तो कार्डाकडे न जाऊ देता जमिनीकडे वळवणारी ती चिमुकली वस्तू. पण ती वळवणार कुठं, तर अर्थिंगच्या तारेत. ती तार नसेल तर प्रोटेक्टर म्हणजे रिकामा तांब्या. हे वाक्यही तुझंच.

विष्णुपुरीच्या कामाची आठवण लिहायला हवी. मी शिडीवर होतो आणि तार दातानं सोलत होतो. नेमका त्याच वेळी कुणीतरी त्या लाइनीवर फोन लावला आणि घंटीचा झटका तोंडात बसला. मी शिडीवरून पडलो नाही, कारण तू माझे दोन्ही पाय धरून उभा होतास. खाली उतरल्यावर तू आधी पोट धरून हसलास, मग तुझी स्वतःची पकड माझ्या हातात दिलीस. म्हणालास, "दात जेवायला ठेवा, दिगूभाऊ." ती पकड मी पुढची अनेक वर्षं वापरली. तू स्वतःसाठी जुन्या बाजारातून दुसरी घेतलीस.

लातूरचं काम आपण घेतलं ते एका मोठ्या खासगी शिकवणीच्या ऑफिसचं. पालकाचा फोन आला की उचलायच्या आधी त्याच्या मुलाचं नाव, हजेरी आणि मार्क समोरच्या कॉम्प्युटरवर दिसले पाहिजेत, आणि बोलणं साठवलं गेलं पाहिजे, अशी त्यांची मागणी. आठ लाइनी. मी यादी केली: आठ लाइनींचं कार्ड, एक्स्चेंज, बॅटरी, यूपीएस, नेटवर्कचा स्विच, प्रोटेक्टर. तू यादी हातात घेतलीस आणि सगळ्यांच्या वर अर्थिंग लिहिलंस. मी नेहमी ती विसरायचो आणि तू नेहमी ती पहिली लिहायचास.

तिथेच आपला तो वाद सुरू झाला, जो पुढं कधी मिटला नाही. इमारतीच्या लाइटची अर्थिंग एक होती, एक्स्चेंजसाठी आपण दुसरी करणार होतो. तुझं म्हणणं, दोन्ही जाड तारेनं एकमेकींना जोडा. माझं म्हणणं, वेगळ्या ठेवा, लाइटची घाण फोनमध्ये येईल.

"दिगूभाऊ, दोन जमिनी असत्यात का कुठं? खाली समदी एकच हाय."

"खाली एक असेल. तारेत दोन आहेत."

"मंग तारेतबी एक करा की."

"पुस्तक वाचलंयस का तू?"

"न्हाई. पण जमीन खोदलीय."

बरोबर तू होतास. हे मी नंतर पुस्तकातच वाचलं. तुला सांगितलं नाही. ते सांगितलं असतं तर त्याला लागून असलेलं दुसरंही सांगावं लागलं असतं.

खड्डा तू स्वतः खोदलास. पुरुषभर खोल, आत तांब्याची पट्टी, कोळसा आणि मीठ थरांनी, वर पाणी घालायला नळी. अर्थिंगचा खड्डा ओला असावा लागतो, उन्हाळ्यात त्याला पाणी घालत राहावं लागतं. आणि ते वर्ष लातूरला रेल्वेनं पाणी यायचं वर्ष होतं. ऑफिसात पिण्यापुरतं पाणी टँकरनं यायचं. खड्ड्यात ओतायला पाणी मागायची तुला लाज वाटली, म्हणून तू नांदेडहून प्लास्टिकचा कॅन भरून एसटीनं न्यायला लागलास. एकदा मी सोबत होतो. अहमदपूरच्या स्टँडवर कंडक्टर म्हणाला, "काय मामा, लातूरला पाणी न्यायलाव? रेल्वे कमी पडली का?"

"हाव. माझी एक पाहुणी हाय तिथं," तू म्हणालास. "रेल्वेचं पाणी तिला चालत न्हाई."

अख्खी गाडी हसली. लातूर येईपर्यंत तुझ्या पाहुणीची चौकशी चालू होती.

तिसऱ्या की चौथ्या खेपेला तू एकटा गेलास. शिकवणीत झाडलोट करणाऱ्या सुभद्राबाई घागर घेऊन आल्या आणि तुझ्याकडे बघत उभ्या राहिल्या. हे तूच मला सांगितलंस. त्या म्हणाल्या, "वायरमन, मातीला पाजून राहिले का तुमी? आमच्या गल्लीत दहा दिस झाले नळ न्हाई." तू कॅन तिथल्या तिथं त्यांच्या घागरीत रिकामा केलास. मग मला फोन केलास. "दिगूभाऊ, आज पाहुणी उपाशी राहिली. पाणी एका बाईला दिलं."

"बरं केलंस," मी म्हणालो. "पुढच्या खेपेला घाल."

पुढची खेप झाली नाही. शुभांगीची परीक्षा होती, तू नांदेडला थांबलास. शेवटचं काम माझंच होतं, कार्ड बसवायचं आणि चालू करून द्यायचं. मी एकटा गेलो. सगळं लागलं, नंबर दिसायला लागले, पण साठवलेल्या बोलण्यात घुंघुं ऐकू येत होती. जातं फिरल्यासारखी. कारण मला लगेच कळलं. दोन अर्थिंग माझ्या हट्टानं वेगळ्या होत्या, आणि कार्डामुळे त्या एकाच वाटेवर आल्या होत्या. यावर इलाज दोन. एक आयसोलेटर, म्हणजे मध्ये बसवायची छोटी पेटी, जी हैदराबादहून यायची होती. दुसरा तुझा, दोन्ही अर्थिंग जोडण्याचा. त्यासाठी इमारतीचं मुख्य पॅनल उघडावं लागलं असतं, अर्धा दिवस लाइट बंद. आणि तासाभरात उद्घाटन होतं. नारळ, हार, पालक, सगळे जमले होते.

मी टॅगच्या पट्टीवरची, प्रोटेक्टरपासून खड्ड्याकडे जाणारी अर्थिंगची हिरवी तार सोडली. एक स्क्रू. घुंघुं थांबली. तारेच्या टोकाला टेप गुंडाळली आणि टॅगच्या मागं सारून दिली. मालकांनी पहिलं बोलणं ऐकलं आणि म्हणाले, "एकदम क्लिअर."

ती तार परत लावायची मी विसरलो, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. विसरलो नव्हतो. लावली असती तर घुंघुं परत आली असती.

दहा-बारा दिवसांनी दुपारी वीज पडली. पाऊस नव्हता, नुसती वीज. कुठल्या तरी खांबावर पडली आणि लाइनीतून आत आली. मी त्या दिवशी लातुरातच दुसऱ्या कामावर होतो. अर्ध्या तासात पोचलो. कार्ड गेलं होतं, कॉम्प्युटर गेला होता, एक्स्चेंजच्या आतल्या अर्ध्या सर्किट-प्लेटा काळ्या पडल्या होत्या. फोनवर बसणारी मुलगी तेव्हा नेमकी उठून गेली होती म्हणून वाचली. मी तुला फोन केला. तू नांदेडहून निघालास. यायला तीन तास लागणार होते.

त्या तीन तासांत मी काय केलं ते आता क्रमानं लिहितो.

तुझा अर्थ टेस्टर त्या कामापुरता तिथल्या कपाटात ठेवलेला होता. मी तो काढला आणि खड्डा मोजला. काटा तीन ओहमच्या आत थांबला. इतकी चांगली अर्थिंग तुझ्या हातचीच असायची. आठवडे पाणी मिळालं नव्हतं, तरी खाली ओल होती. याचा अर्थ सरळ होता. ती वीज खड्ड्यापर्यंत पोचलीच नव्हती, कारण तिथं न्यायची तार मी सोडलेली होती. मग मी टेप काढली आणि हिरवी तार पट्टीवर परत कसून बसवली. मग टँकरच्या पिंपातून दोन बादल्या घेऊन खड्ड्यात ओतल्या. सुभद्राबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. मालकांनी विचारलं, "नेमकं झालं काय?" मी म्हणालो, "अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला असावा. या वर्षी पाणी कुठाय."

तू आलास तो थेट टॅगपाशी गेलास. हिरवी तार बोटानं ओढून बघितलीस. ती घट्ट होती. ती घट्ट लागल्यावर तुझा चेहरा कसा झाला ते मी बघितलं आहे.

"यप्पा," तू म्हणालास. "खड्डा मोजला का?"

"आधी पाणी घातलं. दोन बादल्या."

"अगोदर मोजायचं असतं की, दिगूभाऊ."

"घाईत सुचलं नाही."

"मंग आता मोजून काय उपेग."

मालक आले. चार पालकही होते. तुला विचारायच्या आधीच तू बोललास, "सर, चूक माझी हाय. पाणी घालायचं मी टाळलं." आणि हात जोडलेस. मालक बरंच बोलले. खड्डा खोदणाऱ्या माणसाला एवढं कळू नये का, असं काहीतरी. तू हात खाली घेतले नाहीस. पाणी कुणाला दिलं हे तू सांगितलं नाहीस. सुभद्राबाई तिथंच होत्या, त्यांची नोकरी जाईल असं तुला वाटलं असावं. मी तुझ्या बाजूला हत्यारांची पिशवी धरून उभा होतो.

परतीच्या एसटीत तू खिडकीशी बसलास. अहमदपूर गेल्यावर म्हणालास, "दिगूभाऊ, त्या बाईला पाणी देऊन चुकलो का मी?"

मी म्हणालो, "तसं नाही, पण…"

ते वाक्य तू एकट्यानं पुरं केलंस, आणि पुढची सगळी वर्षं करत राहिलास.

नांदेडच्या दुकानांमध्ये तुला कोरडे मामा म्हणायला लागले. तुझ्यासमोरही म्हणायचे. तू हसायचास. त्यानंतर तू एकही खड्डा स्वतःच्या जबाबदारीवर खोदला नाहीस. नवीन माणसं यायची तेव्हा तू त्यांना सांगायचास, "लातूरला माझा खड्डा कोरडा पडला व्हता, तसं करू नका," आणि मी तिथंच कार्डाचे स्क्रू आवळत बसलेला असायचो. आणखी एक गोष्ट, जी बहुतेक माझ्याशिवाय कुणाच्या लक्षात आली नाही. रस्त्यात कुणी पाणी मागितलं की तू आधी दुसरीकडे बघायचास. मग द्यायचास. द्यायचास नक्की. पण आधी तेवढा वेळ जायचा. लातूरच्या आधी तो जात नव्हता.

मी बोललो का नाही, याचं उत्तर सुरुवातीला सोपं होतं. भीती. त्या शिकवणीच्या शब्दावर लातुरातली चार कामं अवलंबून होती. पण भीती वर्षभरात संपली. त्यानंतर मी गप्प राहिलो तो सोयीनं. तू चूक कबूल करून टाकली होतीस, त्यामुळे माझ्याकडे कुणी काही विचारत नव्हतं, आणि न विचारलेल्या गोष्टीचं ओझं माणूस बरंच लांब नेऊ शकतो. मध्ये माझी बायको आजारी पडली तेव्हा चार महिने माझं दुकान तू उघडलंस आणि तूच बंद केलंस. दवाखान्यात डबा कलावतीवहिनींचा यायचा. तेव्हा सांगणं जास्तच अवघड झालं. माझ्यावर उपकार करणाऱ्या माणसासमोर मला माझी पत शाबूत ठेवायची होती. ते उपकार मी विसरलेलो नाही. तुला धन्यवाद म्हणायचं राहिलं, कारण ते म्हणताना दुसरंही तोंडातून बाहेर पडेल अशी मला धास्ती होती.

मागच्या महिन्यात तुला बघायला आलो. तू पडून होतास, आवाज उतरला होता. लाइनी आता सगळीकडून काढून टाकल्या, फोन इंटरनेटवरून येतात, त्या वायरींना कुणी विचारत नाही, असं काहीबाही मी बोलत होतो. तू मध्येच विचारलंस, "दिगूभाऊ, एक सांगा. शेवटचं पाणी घातल्यापासून किती दिसांत कोरडा पडला असंल तो?"

खोलीत आपण दोघंच होतो. इतकी चांगली वेळ मला दुसरी मिळणार नव्हती.

मी म्हणालो, "ऊन फार होतं. आठ दिवसांत पडला असेल."

तू मान हलवलीस. "मलाबी तेवढंच वाटतं," म्हणालास.

वैजनाथ, जुनं खोटं होतं त्याला निदान वर्षं झाली होती. हे ताजं होतं.

तेरवीनंतर चार दिवसांनी तुझ्या घरी गेलो. शुभांगी अजून सासरी परतली नव्हती. दोघींना बसवलं आणि वर लिहिलंय ते सगळं सांगितलं, टेस्टरच्या काट्यासकट. कलावतीवहिनी तांदूळ निवडत होत्या. मी बोलत होतो तोवर निवडत राहिल्या. मग ताट बाजूला ठेवलं.

"कवापासून ठावं हाय तुमाला ह्ये?"

"पहिल्या दिवसापासून."

"दर दिवाळीला फराळाला येत होते तुमी हितं."

"हो."

"ते सोता उठून पाणी देत होते तुमाला. मला उठू देत नव्हते."

शुभांगी म्हणाली, "काका, हे बाबांना सांगायचं होतं. आम्हाला सांगून तुम्हाला बरं वाटेल, पण त्यांचं काय?"

वहिनी म्हणाल्या, "आमाला न्हाई सांगितलं असतं तरी चाललं असतं. आमी त्यांना ओळखत होतो. जिथं त्यांनी हात जोडले तिथं जा. आन त्या पुस्तकात लिवा. त्या चुकीला त्यांचं नाव नगा लावू पुढं. तुमचं लावा."

म्हणून हे त्यांनी सांगितलं तसं: मी, दिगंबर, लातूरच्या त्या कामात अर्थिंगची हिरवी तार माझ्या हातानं सोडली. कार्ड, कॉम्प्युटर आणि एक्स्चेंज जळलं ते त्यामुळे. वैजनाथ येण्याआधी मी ती तार परत जोडली आणि पुरावा राहू नये म्हणून खड्ड्यात पाणी ओतलं. वैजनाथनं केलेली अर्थिंग त्या दिवशी उत्तम होती, आणि सुभद्राबाईंना दिलेल्या पाण्यानं काहीही बिघडलं नव्हतं. ज्यांनी त्याला कोरडे मामा म्हटलं त्यांनी हे वाचावं.

परवा लातूरला गेलो. शिकवणी आता मोठ्या इमारतीत गेली आहे. सुभद्राबाईंची चौकशी केली, काम सोडून लेकाकडे गेल्या एवढंच कळलं. मालकांच्या केबिनमध्ये मला लगेच पाठवलं, पांढरे केस बघून असेल. मी नाव सांगितलं, ते वर्ष सांगितलं, ती वीज सांगितली. त्यांना आठवायला वेळ लागला.

"हां, ते जुन्या ऑफिसातलं. त्याचं काय, काका?"

"तुम्ही एका माणसाला बोलला होतात. त्यानं तुमच्यासमोर हात जोडले होते. चूक त्याची नव्हती, माझी होती."

"बरं," ते म्हणाले. टेबलावर त्यांचा मोबाइल वाजत होता, त्यांनी तो पालथा घातला, तेवढं मात्र केलं. "कोण होता तो? नाव काय?"

मी तुझं पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट. मग हात जोडले. "असू द्या, असू द्या," म्हणत ते अर्धवट उठले. मी हात खाली घेतले आणि बाहेर आलो.

जिन्यात घड्याळ बघितलं. आत जाणं, सांगणं, हात जोडणं आणि बाहेर येणं, सगळं मिळून चार मिनिटं लागली होती.